खालचं पाणी

मोताळ्याच्या आठवडी बाजारातून गोजरबाईंनी दोन बाटल्या आणल्या. स्टीलच्या, फिरकीच्या झाकणाच्या, लिटर-लिटरच्या. ओसरीवर फतकल मारून त्यांनी त्या राखेनं घासल्या, पाणी भरून उलट्या धरल्या आणि थेंब गळतो का ते डोळे बारीक करून पाहिलं. गळला नाही. मग पदरानं पुसून त्या गोविंदाच्या पाठपिशवीत घातल्या. पिशवी आठ वर्षं खुंटीला टांगलेली होती. खाली काढली तेव्हा भिंतीवर तिच्याएवढाच चुना पांढरा राहिलेला दिसला.

"दोन काऊन आणल्या?" उत्तमरावांनी विचारलं.

"एक सप्ताहाले, एक जळगाव जामोदले, माह्या माहेरी. भाऊ म्हनंन, बहीण एवढी हिमालयात जाऊन आली अन् घोटभर पाणी नाही आणलं. लिहून घ्या, नाही तं निघायच्या दिवशी राहून जाईन."

उत्तमरावांनी वहीत लिहिलं. वहीच्या पहिल्या पानावर वर श्री होतं, त्याखाली 'हिमनदी', आणि त्याखाली बारीक अक्षरात 'सकाळी जाणे, संध्याकाळी परत'. मलकापूरची रेल्वे, हरिद्वार, तिथून मोटारीचे दोन दिवस, हे सगळं एका पानात उरकलं होतं. पण त्या एका दिवसाला त्यांनी सहा पानं दिली होती. किती वाजता उठायचं, काय खाऊन निघायचं, कोणत्या वळणावर बसायचं, किती वाजता बर्फाशी पोचायचं. फक्त मागे फिरायची वेळ लिहिली नव्हती. तिथं त्यांनी एक रेघ ओढून ठेवली होती.

गोजरबाईंना वाचता थोडं येई. रेघेवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "हे कोरं काऊन?"

"राजकुमारले इचारून लिहू."

गोजरबाईंचं बोट रेघेवरच राहिलं. राजकुमारचं नाव या घरात आठ वर्षांनी निघालं होतं.

गोविंदा आचारी होता. धामणगाव बढ्याच्या पंगतींत कढईपुढे उभा राहता राहता तो एका यात्रा कंपनीच्या गाडीवर लागला. आपल्याकडची माणसं देवाला जातात हिमालयात, पण वरण-भात पाहिजे धामणगावचा. तर कंपनी बसच्या टपावर गॅसच्या टाक्या आणि पातेली बांधून नेई, आणि गोविंदा बर्फाच्या डोंगरांखाली पिठलं हाटी. फोन करून सांगे, "माय, आज नऊ हजार फुटांवर ठेचा कुटला. एक बाई रडली खाऊन, तिखटानं का भक्तीनं समजलं नाही." सव्वीस वर्षांचा होता. लग्नाचं पाहत होते.

आठ वर्षांपूर्वीच्या अधिक महिन्यात त्याची बस वर होती. एका मुक्कामी यात्रेकरू घोड्यांवरून देवाला गेले आणि आचाऱ्यांना दिवसभर मोकळीक मिळाली. मुक्कामाच्या वरच्या अंगाला दीड कोसावर एक हिमनदी होती. गोविंदा आणि त्याच्या हाताखालचा राजकुमार, हा मोताळ्याचा, दोघं ती पाहायला निघाले. सकाळी सहाला त्यानं घरी फोन केला. चहाच्या वेळेपर्यंत खाली येतो म्हणाला. बर्फावर चालताना गोविंदाचा पाय एका भेगेत गेला. वरून भुसभुशीत बर्फाचा पातळ थर, खाली पोकळी. तिकडच्या माणसांनी दोर सोडले, चार दिवस शोधलं आणि हात जोडले. राजकुमारकडे राहिलेली पाठपिशवी तेवढी घरी आली. नळगंगेच्या काठी दर्भाचा पुतळा करून गोविंदाचं सगळं केलं. लेक पूनम मलकापूरला दिली होती, ती महिनाभर येऊन राहिली. नंतर तीही आपल्या संसाराला लागली.

एवढं सगळ्या गावाला माहीत होतं. त्या सकाळच्या फोनवर काय बोलणं झालं, ते उत्तमरावांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

गावातला अधिक महिन्याचा सप्ताह तेव्हा सुरू होता. उत्तमराव पस्तीस वर्षांचे टाळकरी. कीर्तन म्हटलं की माणूस जेवण विसरे. आदल्या दिवशीच्या कीर्तनात महाराजांनी नदीचा दृष्टान्त घेतला होता. नदी उगमापाशी निर्मळ, आणि जसजशी खाली उतरते तसतसा तिला गावोगावचा मळ लागतो. तेव्हा माणसानं उगमाशी जाऊन बसावं, असं म्हणत महाराजांनी अशी काही चाल लावली की उत्तमरावांच्या अंगावर काटा उभा राहिला आणि पखवाजवाल्याचे डोळे गळू लागले. महाराज बोलले होते मनाचं. उत्तमरावांनी धरलं पाण्याचं.

सकाळी गोविंदाचा फोन आला. "बाबा, आज सुट्टी हाय. एक हिमनदी पाहून येतो. खाली जाऊन गंगेलेच मिळते म्हनते."

उत्तमरावांच्या कानी नदी तेवढी पडली. ते म्हणाले, "मंग पाणी घेऊन ये काल्याच्या अभिषेकाले. पण बाबू, उगमाचं आण. खालचं नको. पार वर जाय, अन् तिथून भर." चुलीपाशून गोजरबाई काहीतरी बोलल्या, तेही त्यांनी फोनमध्ये सांगून टाकलं. पोरगा हसला. "हाव बाबा, उगमाचंच आणतो," म्हणाला.

तेव्हापासून उत्तमराव टाळकऱ्यांच्या रांगेत उभे राहत, टाळ बरोबर पडत, ओठही हलत. पण गळ्यातून आवाज येत नसे. शेजारी वीणा घेऊन उभा असलेल्या गुलाबरावांना ते कळलं होतं. त्यांनी कधी विचारलं नाही. आपला आवाज जरा चढवून ते दोघांचं गात.

आता पुन्हा अधिक महिना जवळ आला होता. उत्तमरावांनी ठरवलं होतं, सासष्ट वर्षं झाली, यापुढे पाय राहायचे नाहीत. त्या बर्फापाशी जायचं. पाणी हे लोकांना सांगायला निमित्त होतं. तिथं उभं राहून पोराला एकदा तोंडानं सांगायचं होतं, की बाबू, मी तुले वर धाडलं, माहं चुकलं. घरात, देवळात, शेतात हे वाक्य जिभेवर येत नव्हतं. तिथं येईल अशी त्यांना आशा होती. त्यापुढचं त्यांनी काही ठरवलं नव्हतं. वहीतली रेघ तशीच होती.

महिनाभर दोघं गावामागची टेकडी चढत होते. लुगडं पोटरीपर्यंत खोचून आणि पायात पांढरे बूट घालून गोजरबाई पुढे, त्यांच्या मागे हातात काठी घेतलेले उत्तमराव. पाराजवळ बसलेल्यांना करमणूक झाली होती.

"काकू, भरती निंगाली का पोलिसाची?" एकानं विचारलं.

"हाव," गोजरबाई न थांबता म्हणाल्या, "तुले पहिले धरतो. तुही बायको सांगतच होती काही."

पार हसला. गुलाबराव मात्र उत्तमरावांकडे पाहत होते. टेकडी अर्धी झाली की उत्तमराव दगडावर बसत, छातीवर हात ठेवत, आणि गोजरबाई वळून पाहायच्या आत काढून घेत.

"बुढ्या," गुलाबराव एकदा हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टरले दाखव. तिथं कीर्तन ऐकाले कोनी नाही, मरशीन तं टाळ कोन धरंन?"

"तू गाऊन राह्यला ना दोघाचं."

गुलाबरावांनी मान खाली घातली.

वैशाख अर्धा झाला तसे उत्तमराव एकटेच मोताळ्याला गेले. राजकुमारनं यात्रेची नोकरी तेव्हाच सोडली होती. बस-स्टँडजवळ त्याची भज्यांची गाडी होती. बाजाराच्या दिवशी उत्तमराव दिसले की आठ वर्षं तो कढईत तोंड घाली. आज ते समोर येऊन बाकड्यावर बसले, तेव्हा त्याला कुठे जाता येईना. त्यानं भज्यांची बशी पुढे केली.

"काका, पाणी देऊ?"

"बस. घाबरू नको बे. तुह्यावर काही नाही माह्या मनात." उत्तमरावांनी वही उघडली. "आम्ही जाऊन राह्यलो तिथं. दोघं. मले फक्त त्या दिवसाचं सांग. किती वाजता निंगाव, कुठून जाव."

राजकुमारनं गॅस बारीक केला. वही पाहिली. सहा पानं त्यानं सावकाश वाचली. ज्या माणसाला त्या वाटेची स्वप्नं पडतात तो जशी वाचील, तशी वाचली. मग पेन घेऊन एकेक गोष्ट दुरुस्त केली. सहाला नाही, चारला निघा. देवदाराची झाडं संपली की बसा, त्याच्या वर सावली नाही. काकूले लोकरीचे मोजे दोन-दोन. वारा दुपारी सुटते, तो लई वाईट.

"मीच येतो संगं," तो शेवटी म्हणाला. "तुम्हाले एकट्याले नाही जाऊ देत मी. गाडी आठ दिवस भाऊ पाहीन."

उत्तमरावांना भरून आलं. पोराच्या पाठीवर हात ठेवून ते म्हणाले, "अन् पाण्याले? पाण्याले वर किती जा लागते?"

"वर काऊन?" राजकुमार म्हणाला. "पाणी खालीच हाय ना."

"खालचं नाही. उगमाचं."

हातातलं पेन राजकुमारनं वहीवर आडवं ठेवलं.

"काका, तोबी असंच म्हने."

"कोन?"

"गोविंदादादा. आजपावेतो मले एवढी एक गोष्ट समजली नाही. पोलिसाले नाही सांगतली, कोनाले नाही. आम्ही बर्फापाशी पोचलो. तिथं बर्फाची अशी भिंत असते, मळकी, माती अन् गोटे मिसळेल. तिच्या बुडाशी गुफा. तिच्यातून पाणी निंगते, धो धो. त्याच्यामागं कुठंच पाणी नाही. आम्ही हात-तोंड धुतलं. म्या म्हनलं, दादा भर बाटल्या. दोन होत्या त्याच्यापाशी. तो म्हने, हे खालचं हाय. म्या म्हनलं, दादा, वर निरा गोठेल बर्फ हाय. पाणी सुटतेच इथून. तो हासला. म्हने, तुले नाही समजत. दोन हातात दोन बाटल्या घेतल्या अन् गोट्यागोट्यानं वर चढला. पिशवी माह्यापाशी टाकली. म्हने, हे राहू दे, आलोच भरून."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर कर्कश गाणी वाजवत गेला. तो जाईपर्यंत दोघं थांबले.

"मंग उगम?" उत्तमरावांनी विचारलं.

"थ्या नदीचा उगम म्हना, तोंड म्हना, सगळं खालीच असते काका. आपल्या नदीसारखं नाही ते. वर जितकं जासान तितकं पाणी कमी."

उत्तमरावांनी वही मिटली. भज्याचा एक तुकडा मोडून तोंडात घातला, कारण पोरगा पाहत होता.

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले. बाहेर उन्हानं पांढरी पडलेली, कापसाची पळाटी उपटून रिकामी झालेली रानं होती. आठ वर्षं त्यांनी स्वतःला एक समजूत घातली होती. ती त्यांनी कोणाला बोलून दाखवली नव्हती, पण रात्री तिच्यावरच डोकं टेकत होते. ती अशी की, पोरगा देवाच्या कामाला गेला. पवित्र पाणी अवघड जागी होतं, ते आणायला गेला आणि राहिला. कीर्तनात सांगावी अशी ती गोष्ट होती. आज कळलं, वर पाणीच नव्हतं. निर्मळ, जगात कोणाचा हात न लागलेलं, जे महाराजांनी सांगितलं तेच पाणी त्याच्या पायापाशी धो धो वाहत होतं. ते सोडून तो बापाच्या शब्दासाठी कोरड्या बर्फावर चढला. बापाला नदी म्हणजे नळगंगा तेवढी ठाऊक होती.

घरी गोजरबाईंनी विचारलं, "काय म्हने राजकुमार?"

"येतो म्हने संगं."

"पोरगा चांगला हाय," गोजरबाई म्हणाल्या. "भेटला नाही इतक्या दिवस, त्याचाबी जीव खात असंन त्याले." आणि दशम्यांसाठी किती गहू दळायचे याचा हिशेब त्या बोटांवर मांडू लागल्या.

उत्तमरावांनी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. पण त्यांच्या मनात आलं, आता तर जायलाच पाहिजे. आता सांगायचं वाक्य आणखी मोठं झालं होतं. त्या गुहेपाशी बसायचं, आणि मग काय व्हायचं ते होवो.

यात्रेला तब्येतीचा दाखला लागतो. आठवड्यानं दोघं पुन्हा मोताळ्याला, दवाखान्यात गेले. डॉक्टर तरणा होता, बोलायला गोड. त्यानं आधी गोजरबाईंना तपासलं.

"काकू, चढताना दम लागतो का?"

"लागला तं बसतो. बसल्यावर जाते."

"छातीत दुखतं?"

"थे कोनाचं नाही दुखत," गोजरबाई म्हणाल्या.

डॉक्टर हसला आणि त्यानं दाखल्यावर सही केली. मग उत्तमरावांच्या छातीला तारा लावल्या. यंत्रातून कागदाची पट्टी निघाली, ती त्यानं दोनदा पाहिली आणि तारा पुन्हा लावल्या. दुसरी पट्टी निघाली. मग त्यानं खुर्ची जवळ ओढली.

"काका, टेकडी चढता तुम्ही रोज?"

"हाव. महिना झाला."

"उद्यापासून बंद. खरं सांगायचं तर तुम्ही इथवर चालत आलात हेच पुष्कळ आहे. बुलढाण्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवावं लागेल, मी चिठ्ठी देतो. डोंगरावर हवा विरळ असते. तुम्हाला मी सही देऊ शकत नाही. काकू गेल्या तरी चालेल."

"साहेब, एकच दिवस चढाचं हाय. सकाळी जाव, संध्याकाळी परत."

"एक तासही नाही, काका."

उत्तमरावांनी सदरा अंगावर ओढला. बटणं लावताना एक चुकलं आणि शेवटी एक काज उरलं. ते गोजरबाईंनी दवाखान्याच्या पायरीवर नीट लावून दिलं.

घरी पोचले तेव्हा दिवस कलला होता. देवळावरच्या भोंग्यातून कोणीतरी माइक तपासत होतं. सप्ताह आठवड्यावर आला होता. हॅलो, रामकृष्णहरी, हॅलो, असं दोन-तीनदा झालं आणि बंद पडलं. गोजरबाईंनी चूल पेटवली नाही. गोविंदाची पिशवी पुढ्यात घेऊन त्या ओसरीवर बसल्या, उत्तमरावांचे मोजे, कानटोपी, मफलर एकेक बाहेर काढून त्यांनी बाजूला घडी करून ठेवलं. आपलं आत राहू दिलं. बाटल्या हातात घेतल्या.

"मी जातो," त्या म्हणाल्या. "राजकुमार हायच. तुम्ही पूनमकडे राहा आठ दिवस. बुलढाण्याले जाऊन या तिच्या नवऱ्यासंगं."

उत्तमराव खांबाला टेकून बसले होते.

"पोरानं आणाचं कबूल केलं होतं देवाले. राहून गेलं. मी आणतो." झाकणाची फिरकी त्यांनी उघडली, लावली. "राजकुमार बसन खाली. मी वर जाईन. तोबी गेलता ना वर. उगमाचं सांगतलं होतं ना त्याले तुम्ही, खालचं आणलं तं त्याले काय वाटंन?"

उत्तमरावांची टेकलेली पाठ खांबापासून सुटली. सांगितलं होतं हे तिला माहीत होतं. अर्थात माहीतच असणार, ती चुलीपाशीच होती. तिला त्यात कधी काही वावगं दिसलंच नव्हतं. उगमाचं पाणी मागणं, यात कुठं काय वाईट होतं? बायकांच्या बाजूला बसून तेच कीर्तन तिनंही ऐकलं होतं. आणि आता, पासष्टाव्या वर्षी, ती त्याच वाटेनं वर चढणार होती.

जे वाक्य आठ वर्षं जिभेवर आलं नाही, जे बोलायला ते हिमालयात जाणार होते, ते आता इथंच, या ओसरीवर बोलावं लागणार होतं.

"गोविंदाची माय," उत्तमराव म्हणाले.

गोजरबाईंनी चमकून वर पाहिलं. त्या नावानं त्यांनी आठ वर्षांत हाक मारली नव्हती.

"हाव," त्या म्हणाल्या.

"वर जाऊ नको. वर पाणी नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. राजकुमारनं सांगितलं तसंच, त्याच शब्दांत, काही न गाळता. मळकी भिंत, गुहा, पायापाशी निघणारं पाणी. हे खालचं हाय, असं पोरगा म्हणाला ते. राजकुमार नको म्हणत होता ते. पोरगा हसला ते. "म्या त्याले वर धाडलं. पाणी त्याच्या पायापाशी होतं. दोन हातात दोन बाटल्या घेऊन चढला तो, माह्या शब्दासाठी. वर काहीच नव्हतं. मी मारलं त्याले. थे तिथं जाऊन सांगाचं होतं मले, अन् आता जाता येत नाही."

बोलताना त्यांचा आवाज फुटला. आठ वर्षांत पहिल्यांदा गळ्यातून सगळा आवाज बाहेर आला आणि तो गाण्याचा नव्हता. त्यांना वाटलं, आता ती रडेल, किंवा बोलेल, शिव्या देईल. काही दिलं तरी घ्यायचं असं ठरवून ते मान खाली घालून थांबले.

गोजरबाईंनी हातातल्या बाटल्यांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "दोन हातात दोन?"

"काय?"

"राजकुमार म्हने ना. दोन हातात दोन बाटल्या."

"हाव. पिशवी त्याच्यापाशी टाकली."

"तुम्ही फोनवर उगमाचं बोलत होते तवा मी भाकर टाकत होतो," गोजरबाई सावकाश म्हणाल्या. "म्या आतून सांगतलं, दोन भर म्हना. एक माह्या माहेरी. तुम्ही सांगतलं त्याले, दोन भर म्हने तुही माय."

उत्तमरावांना आठवलं. आठवलं आणि त्यांनी डोळे मिटले. चुलीपाशून आलेलं ते बोलणं आठ वर्षांत त्यांनी एकदाही आठवून पाहिलं नव्हतं. आपल्या शब्दापुढे त्यांना दुसऱ्या कोणाचा शब्द दिसलाच नव्हता.

"त्याचं काय," ते घाईनं म्हणाले. "त्याचं काही नाही. वर तं मी धाडलं."

"एक असती तं एक हात रिकामा राह्यला असता," गोजरबाई म्हणाल्या.

"असं नको बोलू."

"कशाले तरी धरलं असतं. बर्फाच्या काठाले. काहीबी."

"गोविंदाची माय, असं नसते ते. भेगीत गेल्यावर कोनाले काय धरता येते? राजकुमारले इचार."

"राजकुमारले काय माहीत," त्या म्हणाल्या. "तो खाली होता."

उत्तमराव सरकत त्यांच्याजवळ गेले. काय केलं आपण, हे त्यांना आता कळत होतं. आठ वर्षं हे दुखणं त्यांच्या एकट्याचं होतं. ती निदान सकाळी तुळशीला पाणी घालताना गुणगुणत होती, पारावरच्यांना उत्तरं देत होती, बाटल्या घासत होती. तिला वर चढण्यापासून वाचवायला त्यांनी तोंड उघडलं आणि तिला घरातल्या घरात त्या बर्फावर नेऊन सोडलं.

देवळातला माइक पुन्हा लागला. हॅलो, हॅलो. गुलाबरावांचा आवाज होता. वीणा लावत त्यांनी एक चाल गुणगुणून पाहिली आणि अर्ध्यातच सोडली.

गोजरबाईंनी बाटल्या मांडीत ठेवून दाखल्याचा कागद पिशवीतून काढला आणि चटईखाली सारला. "पूनमले फोन करा," त्या म्हणाल्या. "म्हना, माय नाही जात."

मग चुलीकडे जायला त्या उठू लागल्या. त्यांच्या गुडघ्यांना जमिनीला हात टेकवल्याशिवाय उठणं होत नसे. आणि दोन्ही हातांत त्यांनी पुन्हा बाटल्या धरल्या होत्या. अर्ध्या उठून त्या परत खाली बसल्या. पुन्हा एकदा उठून पाहिलं, पुन्हा बसल्या. उत्तमरावांनी एक बाटली घ्यायला हात पुढे केला. त्यांनी ती दिली नाही. दोन्ही बाटल्या घट्ट धरून, रिकामा हात नसला की माणसाला कशालाच कसं धरता येत नाही ते त्या अंधार पडेपर्यंत तिथं बसून पाहत राहिल्या.